कव्हरेज निर्मात्यासाठी, नोट्स लेखकासाठी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘तुमची पटकथा तज्ज्ञांकडून वाचून घ्या, लेखी अभिप्राय मिळवा’ अशा जाहिराती नव्या पटकथालेखकांच्या डोळ्यांसमोरून आता रोज जातात. पैसे भरावेत का, असे कोणी विचारले की दोनच उत्तरे मिळतात : ‘सगळे लुटारू आहेत’ किंवा ‘शिकायचे तर पैसे मोजावेच लागतात’. दोन्हींचा उपयोग शून्य. सेवा प्रामाणिक असूनही पैसे पाण्यात जाऊ शकतात, कारण पुष्कळदा लेखक भलतीच वस्तू विकत घेऊन बसतो.

या बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच तागडीत तोलल्या जातात. पहिली कव्हरेज. ही मुळात स्टुडिओ आणि निर्मितीसंस्था यांच्या कचेरीतली सोय. आलेली सगळी बाडे निर्मात्याने स्वतः वाचणे अशक्य असते, म्हणून पगारी वाचक ती वाचतो आणि तीन-चार पानांचा अहवाल देतो. वर पानसंख्या, प्रकार, काळ, स्थळ. मग लॉगलाइन, म्हणजे एका-दोन वाक्यांत कथेचा गाभा. मग पान-दीड पान कथासार. मग पानभर टिप्पणी. शेवटी संकल्पना, पात्रे, संवाद, रचना यांच्यासमोर खुणा केलेले कोष्टक. निकालाचे शब्द ठरलेले : पास, कन्सिडर (विचार करावा), रेकमेंड (शिफारस). (इथे ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण नाही, नकार! पहिला अहवाल हातात पडल्यावर पेढे वाटण्याआधी हे माहीत असलेले बरे.) बऱ्याच अहवालांत पटकथेचा निकाल वेगळा आणि लेखकाचा वेगळा असतो, दुसरा निकाल चांगला आला तर तो दुर्लक्षू नये. पण हा सगळा कागद ‘मी यात वेळ घालवू का?’ या निर्मात्याच्या प्रश्नाचे उत्तर असतो. दुरुस्ती कशी करायची हे त्यात नसते, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

दुसरी वस्तू म्हणजे लेखकासाठीच्या नोट्स. यात कथासार दोन ओळींत उरकलेले असते, मजकूर पानाचा क्रमांक धरून पुढे सरकतो, कुठे आणि का अडखळलो हे वाचक सांगतो आणि पुष्कळदा नंतर तासाभराचे बोलणेही ठरलेले असते. ही वस्तू अर्थातच महाग. लेखकाला हवी असते ती ही, आणि स्वस्तात मिळते म्हणून तो घेतो पहिली. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी नमुना-अहवाल मागवावा आणि त्यातले कथासार किती, टिप्पणी किती हे सरळ मोजावे. चारांपैकी अडीच पाने कथासार असेल, तर आपलीच गोष्ट आपल्याला परत ऐकवण्याचे पैसे आपण देत आहोत.

तरी कव्हरेज विकत घेतलेच असेल, तर त्यातला सर्वांत मोलाचा भाग हे कथासारच आहे. सगळे लेखक ते वगळून थेट निकालाकडे धावतात! कथासार हा पुरावा असतो : अनोळखी माणसाच्या डोक्यात आपल्या पानांवरून नेमके काय पोचले याचा. आपल्या मते जो प्रसंग कथेचा कणा आहे, तो कथासारात नसेल तर तो कागदावर उठलेलाच नाही. नायिकेने घर सोडले ते भावाला वाचवण्यासाठी आणि वाचकाने लिहिले ‘घरच्यांना कंटाळून’, तर वाचकाला नावे ठेवण्याआधी ते पान उघडून पाहावे. भावाचा उल्लेख बहुधा एका संवादाच्या शेपटाला लटकलेला सापडेल. टिप्पणीत वाचकाचे मत असते, त्यावर वाद घालता येतो. कथासाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

किंमत वाजवी आहे का, याचा हिशेब बाजारभावावरून करू नये, तासांवरून करावा. ठरलेल्या मांडणीत, म्हणजे 12 पॉइंटच्या कुरिअर टंकात, एक पान म्हणजे साधारण पडद्यावरचे एक मिनिट. 110 पाने लक्ष देऊन वाचायला दीड ते दोन तास लागतात, चार पाने विचारपूर्वक लिहायला आणखी दोन. आकारलेल्या शुल्कातून मध्यस्थ संस्थेचा वाटा वजा करावा, उरलेल्याला चारांनी भागावे. त्या तासाच्या दराने कोणी जाणता माणूस काम करील असे वाटत नसेल, तर तो करतही नसतो. एक तर नवशिका वाचतो आहे, नाही तर पहिली तीस आणि शेवटची दहा पाने चाळली जात आहेत. ‘चोवीस तासांत अभिप्राय’ हे आमिषही याच हिशेबात धरावे.

अहवालाचा कस पाहण्याची एक सोपी रीत आहे. नमुन्यातली पात्रांची नावे पेन्सिलीने खोडायची आणि उरलेला परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही पटकथेला चिकटतो का ते पाहायचे. ‘पात्रांना अधिक खोली हवी’, ‘मध्यांतरानंतर गती मंदावते’, ‘संवाद अधिक टोकदार करता येतील’ ही वाक्ये कुठेही चिकटतात. ‘पान 47 वर तो पोलिसांना खरे सांगून टाकतो, त्यामुळे पुढच्या वीस पानांत लपवण्यासारखे काही उरत नाही’ हे वाक्य दुसरीकडे चिकटत नाही. पानाचा क्रमांक, कारण, परिणाम हे तिन्ही एकत्र दिसले की माणसाने वाचले आहे असे समजावे.

हल्ली यंत्राने, म्हणजे एआयने, तयार केलेले अहवालही विकले जातात. ते गुळगुळीत असतात, प्रत्येक दोषामागे एक कौतुक लावतात आणि क्वचित न घडलेला प्रसंगही घडला म्हणून सांगतात. पानसंख्या किंवा एखाद्या पात्राच्या वावराची जंत्री मिळवायला यंत्र चालेल. पण यंत्र कंटाळत नाही. ‘इथे माझे लक्ष उडाले’ हे सांगणारा माणूस आपल्याला हवा असतो, त्याच्या कंटाळ्याचेच आपण पैसे मोजतो. म्हणून बाड कोण वाचणार आणि ते कुठल्या यंत्रात घातले जाणार का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आता मुख्य चूक : पहिला खर्डा पाठवणे. पहिल्या खर्ड्यावर येणारे बहुतेक शेरे लेखकाला आधीच ठाऊक असतात. पटकथा 150 पानांची असेल तर पहिला शेरा लांबीचा असणार, आणि तो ऐकायला पैसे कशाला हवेत? खर्डा पुरा झाल्यावर तीन-चार आठवडे बाजूला ठेवावा, मग एका बैठकीत कागदावर वाचावा, हातात पेन न घेता. त्यानंतर एक दुरुस्ती. मग पाच-सहा जणांना बसवून मोठ्याने वाचन. नाटकाच्या माणसांना याची थोरवी सांगायला नको, सिनेमा लिहिणारे मात्र ते टाळतात. दोन तासांचे काम आहे. लेखकाने स्वतः एकही भूमिका वाचू नये, कारण तो सुराने पानातली उणीव भरून काढतो. वर्णनाच्या ओळींसाठी वेगळा वाचक नेमावा, आणि ऐकताना फक्त तीन खुणा कराव्यात : जिभेला अडलेला संवाद, खुर्च्यांची चुळबुळ, चुकीच्या जागी आलेले हसू. शेवटी ‘कशी वाटली?’ असे विचारले की सगळे ‘छान’ म्हणून घरी जातात. कुठे कंटाळलात, कुठे गोंधळलात, काय पटले नाही, एवढेच विचारावे. दुसऱ्या लेखकाशी बाडांची अदलाबदलही करावी. दुसऱ्याच्या बाडातला दोष दाखवताना आपला दिसू लागतो, हा वरचा फायदा. एवढे झाल्यावरही प्रश्न उरला, तर तो पैसे टाकण्याच्या लायकीचा आहे.

पैसे मोजायचेच तर ते लवकर मोजावेत हेही आहे. प्रसंगांच्या चार-पाच पानी आराखड्यावर मिळालेला चोख अभिप्राय पूर्ण बाडावरच्या अभिप्रायापेक्षा जास्त वाचवतो, कारण पाया तिरका असेल तर तो तिथेच दिसतो आणि फाडायला पाच पानेच असतात. काही ठिकाणी फक्त पहिली दहा किंवा तीस पाने वाचून घेण्याची सोय असते. नव्या वाचकाला पारखायचा हा स्वस्त मार्ग.

पाठवताना पीडीएफ पाठवावी, खर्ड्याची तारीख टाकावी आणि सोबत तीनच प्रश्न द्यावेत. ‘शेवट पटतो का?’ हा प्रश्न ढोबळ. ‘आई गुन्हा कबूल करते तेव्हा ते अपेक्षित वाटले की अचानक?’ याला उत्तर देता येते. वाचक त्या प्रकारच्या कथा आवडीने वाचणारा हवा. भयकथेच्या वाचकाला प्रहसन दिले की विनोदी पान ‘संथ’ ठरते. परभाषेतल्या सेवेसाठी भाषांतर करून पाठवत असाल, तर रचनेवरचे शेरे घ्यावेत आणि संवादांवरचे बाजूला ठेवावेत. ते शेरे भाषांतरकाराला मिळालेले असतात.

गुणांच्या मागे लागलेल्यांसाठी थोडे. ‘ब्लॅक लिस्ट’ या नावाभोवती फार गोंधळ आहे. 2005मध्ये फ्रँकलिन लिओनार्ड यांनी सुरू केलेली वार्षिक यादी ही हॉलिवुडमधल्या अधिकाऱ्यांनी आपल्याला आवडलेल्या, न बनलेल्या पटकथांना दिलेल्या पसंतीची यादी. त्याच नावाचे, पैसे घेऊन मूल्यांकन करणारे संकेतस्थळ 2012मध्ये आले. संकेतस्थळावर उत्तम गुण पडले म्हणून वार्षिक यादीत नाव येत नाही. स्पर्धांचेही तसेच : ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप 1986पासून आहे, मोठ्या चाळणीतून वर्षाला जास्तीत जास्त पाच जण निवडले जातात. तिथली हार हा आपल्या पटकथेवरचा अभिप्राय मानू नये. एकाच वाचकाच्या गुणांवरून तर काहीच ठरत नाही. तेच बाड दोन वाचकांकडून दहापैकी पाच आणि आठ अशा गुणांनी परत येऊ शकते, आणि लेखक तिसऱ्या वाचकाचे पैसे भरतो ते अभिप्रायासाठी नव्हे, पंच नेमण्यासाठी.

‘आवडली तर निर्मात्यापर्यंत पोचवू’ हे वाक्य जाहिरातीत असेल तर किती पटकथा, कोणाकडे, केव्हा, हे विचारावे. वाचून घेण्याच्या बदल्यात हक्कांत वाटा किंवा श्रेयनामावलीत नाव मागणाऱ्याला नमस्कार करून निघावे. स्वतः वाचण्याचे पैसे मागणारा निर्माता असेल तर तो वेगळ्याच धंद्यात आहे. चोरीची भीती मात्र अनेकदा फुगवलेली असते. लेखनहक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत लिखाण झाले की हक्क आपोआप लेखकाचा. नोंदणी उपयोगी पडते ती पुरावा म्हणून. संरक्षण मिळते ते लिखाणाला, नुसत्या कल्पनेला नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

अहवाल आल्यावर तीन-चार दिवस बाडाला हात लावू नये. मग शेरे वेगळे करावेत, पण दुखणे आणि औषध यांची गल्लत न करता. वाचक दुखण्याची जागा बहुधा बरोबर दाखवतो, औषध बहुधा चुकीचे देतो. ‘शेवट घाईत उरकलाय, दोन प्रसंग वाढवा’ असा शेरा आला की लेखक इमानदारीने दोन प्रसंग वाढवतो आणि शेवट आणखी लांबतो. दुखणे पान 20वर असते : नायकाला काय हवे आहे हेच तिथे मांडलेले नसते, म्हणून ते मिळाल्याचा आनंद शेवटी होत नाही. सगळे शेरे मुकाट मानणाऱ्याची पटकथा दोन-तीन फेऱ्यांत कोणाचीच राहत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले दोन वाचक एकाच पानावर अडखळले, तर त्यांची कारणे परस्परविरुद्ध असली तरी ते पान दुरुस्त करायचेच. एकट्याचा शेरा असेल आणि पटत नसेल, तर सोडून द्यावा.

शुल्कात नंतरचे बोलणे धरलेले असेल तर ते अहवाल आल्याच्या दिवशी उरकू नये, निदान आठवड्याने ठेवावे. त्या तासात आपली पटकथा समजावून सांगू नये. पान उघडावे, तिथे वाचताना मनात काय आले ते विचारावे आणि लिहून घ्यावे.

आपला,
पटकथावाचनाच्या कामात असलेला एक वाचक