डिस्चार्जआधीची दोन वर्षे वाया घालवू नका

संपादक महोदय,

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या गावांतून फौजेत गेलेले जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतात आणि त्यांतले कितीतरी कामासाठी मुंबई-ठाण्याची वाट धरतात. नौदलातून सुटलेले अनेक जण तर मुंबईतच राहतात. मग सतरा वर्षे जनरेटर, पंप, क्रेन चालवलेला माणूस एखाद्या सोसायटीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत बसलेला दिसतो. रक्षकाच्या कामात कमीपणा काहीच नाही. पण त्याच सोसायटीत पंपरूम आणि डीजी सेट (डिझेल जनरेटर) सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला जास्त पगार मिळतो, आणि ते काम या माणसाला झोपेतही येते. त्याच्याकडे नसतो तो नागरी परवाना. तो मिळवायची वेळ डिस्चार्जनंतरची, म्हणजे फौजेतून सुटल्यानंतरची नाही, आधीची दोन वर्षे आहे. म्हणून हे पत्र सेवेत असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

सुरुवात नावांपासून करावी. आपल्याकडे लग्नानंतर बायकोचे नाव, मधले नाव, आडनाव सगळेच बदलते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर तिसरेच स्पेलिंग, मुलांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावर वेगळ्या. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून येते. तिथे पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, नाव चुकले की कुटुंब निवृत्तिवेतन, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड, मुलांच्या सवलती सगळे अडते. सेवेत असताना ही दुरुस्ती युनिटच्या कारकुनाकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमधल्या बदलाची अधिकृत नोंद, काढून होते. त्याच कामाला नौदलात जेनफॉर्म, हवाई दलात पीओआर. डिस्चार्जनंतर त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि रेकॉर्ड ऑफिसशी लांबलचक पत्रव्यवहार करावा लागतो. शेवटच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येकाचे आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. हे काम बायकोने हातात घेतलेले उत्तम, कारण पुढे हे कागद तिलाच लागणार असतात.

आता परवान्यांचे. पुनर्वास महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते; त्यांतले मोठे चोवीस आठवड्यांचे असतात. जवान आणि जेसीओंचे (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांचे) शुल्क सरकार भरते, अधिकाऱ्यांना चाळीस टक्के स्वतः भरावे लागते. घोळ होतो तो निवडीत. अनेक जण घराजवळचे केंद्र बघून नाव देतात आणि ‘सुरक्षा पर्यवेक्षक’ किंवा ‘कार्यालय व्यवस्थापन’ असे काहीतरी पदरात पाडून घेतात. आपल्या ट्रेडला, म्हणजे फौजेत केलेल्या तांत्रिक कामाला, कायद्याने जो परवाना लागतो, त्याच्या जवळ नेणारा अभ्यासक्रम निवडायला हवा. इलेक्ट्रिशियनने राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन किंवा सुपरवायझर परवाना काढावा. तो नसेल तर मुंबईतली कंपनी त्याला हाताखालचा मदतनीस म्हणून घेते, सही करणारा म्हणून नाही. इंजिनरूमच्या माणसाने बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची पात्रता तपासावी आणि प्रत्यक्ष किती काळ कोणत्या यंत्रावर काम केले याचा दाखला जहाजावरून उतरण्याआधीच सहीनिशी घ्यावा. नंतर तो अधिकारी बदलून गेलेला असतो आणि जहाज कदाचित मोडीत निघालेले.

आगीच्या क्षेत्राकडे फार थोडे जण वळतात, याचे वाईट वाटते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. मुंबईत टॉवर वाढत आहेत आणि हायड्रंट, स्प्रिंकलर, फायर पंप समजणारी माणसे सगळ्यांना हवी आहेत. नौदलात प्रत्येकाला आग विझवण्याचे आणि जहाजात शिरलेले पाणी रोखण्याचे प्रशिक्षण मिळते. त्यावर मान्यताप्राप्त अग्निशमन अभ्यासक्रमाची जोड दिली की दारे उघडतात.

ड्रायव्हरांसाठी एक सोपी पण हमखास चुकणारी गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ नुसार लष्करी लायसन्स असलेल्याला त्याच प्रकारच्या वाहनासाठी आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. मात्र लायसन्स युनिटमध्ये जमा करण्याआधी त्याची साक्षांकित प्रत आणि कोणती वाहने किती वर्षे चालवली याचा दाखला हातात हवा. तुर्भे, तळोजा, चेंबूरच्या टँकरवर जायचे असेल तर धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. प्रवासी वाहनाला बॅज वेगळा.

मर्चंट नेव्हीचे आकर्षण मुंबईत मोठे आहे आणि फसवणूकही तिथेच जास्त. क्रम असा ठेवावा: आधी नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी, विशेषतः दृष्टी आणि रंगओळख, मग इंडॉस (खलाशाचा नोंदणी) क्रमांक, मग जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाज सुरक्षेचे छोटे अभ्यासक्रम, मग सीडीसी, म्हणजे खलाशाचे ओळख व सेवा-नोंद पुस्तक. लोक उलटे करतात. अभ्यासक्रमांवर पैसे घालतात आणि तपासणीत अडकतात. भरती फक्त आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना असलेल्या कंपनीमार्फतच व्हावी, आणि अशा कंपनीला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठावे.

सरकारी नोकरीकडे बघणाऱ्यांनी आकडे नीट समजून घ्यावेत. केंद्रात गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, सार्वजनिक उपक्रम आणि बँकांत त्याच गटात १४.५ टक्के, महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे आपापल्या प्रवर्गाच्या आत. त्यामुळे राखीव प्रवर्गातल्यांना जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर लागतेच, राज्याच्या नोकरीला जात पडताळणीही लागते आणि ती चार दिवसांत होत नाही. केंद्राच्या आणि बँकांच्या जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्याच नमुन्यात हवा. राज्याचा एसईबीसी दाखला तिथे चालत नाही. मूळ गाव कराडचे आणि राहणे कल्याणला असले तर हे सगळे गावाकडून आणावे लागते, म्हणून सुट्टीत उरकावे. दहावी आणि पंधरा वर्षांची सेवा पदवीसमान धरली जाते ती फक्त गट क च्या राखीव, तांत्रिक पात्रता नसलेल्या पदांसाठी. बँकेच्या क्लार्कला ती चालते, अधिकारी पदाला खरी पदवी लागते.

आणखी एक नियम फार कमी जणांना ठाऊक आहे. एकदा सरकारी नोकरीत रुजू झाले की माजी सैनिकाचा आरक्षणाचा लाभ संपतो. पण रुजू होण्याआधी इतर जागांसाठी अर्ज केले असतील, तर त्यांची तारीखवार यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला लिहून द्यावी. २०१४च्या केंद्राच्या आदेशानुसार त्या अर्जांपुरता केंद्रीय भरतीतला लाभ टिकतो. यादी दिली नाही तर पुढे मोठ्या पदाची निवडही हातची जाते.

ज्यांना सुरक्षेच्याच क्षेत्रात जायचे आहे त्यांनीही फाटकावरून सुरुवात करू नये. नियमांत पंधरा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक सांगितला आहे आणि त्या पदासाठी सैन्यातल्या तीन वर्षांच्या अनुभवाला पसंती देण्याची तरतूद कायद्यात आहे. थेट पर्यवेक्षकपद मागावे. पगार ठरवताना ड्यूटी आठ तासांची की बारा तासांची, पीएफ कोणत्या रकमेवर, साप्ताहिक सुट्टी भरपगारी का, हे लेखी विचारावे.

सर्वांत जास्त काळजी अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानांची आहे. २०२२च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ संपताना पुरी होतात. बाहेर पडताना त्यांना सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी रकमेचे, व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील, पण पेन्शन, ईसीएचएस किंवा माजी सैनिकाचा दर्जा नाही. वर दिलेली माजी सैनिकांची टक्केवारी त्यांना लागू नाही, हे गावोगावच्या अनेक पालकांना अजून माहीत नाही. इग्नूच्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्यांवर मिळतात, ती नोंदणी युनिटमध्ये असतानाच करावी. दहावीवर भरती झालेल्यांनी बारावीचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. आणि सेवानिधी हाती येताच ट्रॅक्टर किंवा फ्लॅटच्या बुकिंगला न घालता निदान पहिले वर्ष बँकेत राहू द्यावा. परवाना, प्रशिक्षण आणि मुंबईतल्या खोलीचे डिपॉझिट त्यातूनच निघणार आहे.

मुंबईतल्या कंपन्यांना आणि सोसायट्यांना एकच विनंती. तंत्रज्ञाच्या जाहिरातीत ‘आयटीआय आवश्यक’ एवढेच न लिहिता ‘किंवा सैन्यदलातील समकक्ष ट्रेड’ हे शब्द घालावेत, आणि जाहिरातीची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवावी.

— सेवानिवृत्तांना नोकरीविषयक मार्गदर्शन करणारे काही माजी सैनिक, मुंबई