न्हाणी तशीच राहू दे

पुणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

चवथीहून परत आल्यापासून हे पत्र लिहायचं चाललंय. फोनवर हा विषय निघाला की बाबा रिसिव्हर आईकडे देतात आणि आई गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या सुपाऱ्यांवर बोलायला लागते. म्हणून लेखी.

आधी माघार घेते. मे महिन्यात मी पाठवलेला तो नकाशा फाडून टाका. मागची न्हाणी पाडून तिथे ‘जुन्या धाटणीची’ बाथरूम, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. मडगावच्या एका दुकानात पाहिली होती ना: चार नक्षीदार पायांचा टब, साखळी ओढायची उंचावरची टाकी, काळ्या-पांढऱ्या फरश्या. जुन्या घराला हेच शोभतं, असं दुकानदार म्हणाला आणि मी भुलले. पण जुनं म्हणजे कोणाचं जुनं? ते विलायतेच्या घरांचं. ओतीव लोखंडाचा तो टब रिकामाच १०० किलोंच्या पुढे जातो आणि त्याची कड माझ्या गुडघ्याच्या वर येते. बाबा, तुम्ही हल्ली उंबरठा ओलांडताना चौकट धरता. त्या टबात तुम्हाला कोण उतरवणार आणि बाहेर कोण काढणार?

मग त्यानेच निळ्या पोर्तुगीज फरश्या दाखवल्या. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत १९३५ सालचं तसं काम आहे, मी तिथे गेले की हमखास थांबून बघते. पण आपल्या शेणाने सारवलेल्या अंगणाच्या घरात ते उसनं दिसेल.

आता खरं कारण. आई, चवथीच्या आदल्या दिवशी तुझ्या उजव्या तळहाताला चटका बसला होता. नेवऱ्या तळताना तेल उडालं म्हणालीस. तेलाचे थेंब ठिपक्या-ठिपक्यांनी उडतात. तुझ्या हातावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत एकच वाकडी रेघ होती, चंद्रकोरीसारखी. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसले तेव्हा समोर पाणी तापवायचं भाण होतं, आणि त्या भांड्याची कड बरोबर त्या वाकाची. पाटावरून उठताना तू तापल्या भाणाचा आधार घेतलास. धरायला तिथे दुसरं काही नाहीच. घरात तीस माणसं, न्हाणीपुढे रांग, म्हणून तू बोलली नाहीस. मीही तेव्हा बोलले नाही, त्याचं वाईट वाटतंय.

त्याच दुपारी सगळे झोपल्यावर मी टेप घेऊन फिरले. बाबा, तुम्ही जागे होता हे मला ठाऊक आहे.

तर न्हाणी पाडायची नाही. भाण, त्याखालची चूल, जाळायच्या नारळाच्या सोडणांचा ढीग, काळीकुट्ट भिंत, सगळं राहू दे. नरकचतुर्दशीला भाणाला झेंडूची माळ घालून पाणी भरायचं ते तिथेच. रोजच्या आंघोळीसाठी आणि संडासासाठी तुमच्या निजायच्या खोलीला लागून असलेली नारळांची खोली घेऊ. ८ बाय ६ फूट पुरतात. देवघर तिथून दोन खोल्या पलीकडे आहे, तेव्हा बाबांचा पहिला आक्षेप मी आधीच खोडून ठेवते. नळाचं पाणी देवाला चालत नाही म्हणून आजी म्हातारपणीही कळशी घेऊन विहिरीवर जायची. शेवटी कळशी तुम्हीच तिच्या हातातून घेतलीत, हेही आठवून बघा.

मुख्य अडचण भिंतींची आहे. बांधकामाच्या मेस्तांनी येऊन बघितलं. खोलीच्या बाहेरच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर पांढरा खार फुटलाय, तो पावसाच्या माऱ्याने आला असं आपण समजत होतो. चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल शोषून वर चढवतो. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ती निघून जायची. आपण मधे एकदा खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा केला आणि तिची वाट बंद झाली. मग ती सिमेंटच्या वर जिथे वाट मिळाली तिथे फुटली. वर्षाला १०० इंचांच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीचं तोंड बांधून कसं चालेल? ते सिमेंट काढायचं, पुन्हा चुना करायचा, आणि त्या भिंतीला टाइल्स अजिबात लावायच्या नाहीत. आंघोळीची जागा आतल्या बाजूला, विटांची नवी आडभिंत घालून. नळ आणि पाइप सगळे तिच्यातून. जुन्या भिंतीत खाचा मारायला मेस्तही तयार नाहीत, आणि ह्या एका गोष्टीवर आमचं पटकन जमलं.

धरायच्या दांड्यावर मात्र वाद झाला. कमोड बाहेरच्या भिंतीशीच येणार, कारण त्याचा पाइप तिथूनच बाहेर काढायचा. दांडा हवा तिथे, आणि चिऱ्यात बोल्ट टिकत नाही. आज घट्ट वाटतो, चार महिन्यांनी भुगा होऊन हलायला लागतो, आणि कळतं ते नेमकं सगळा भार टाकल्यावर. म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार काढून बाहेरून लोखंडी पट्टी लावायची. बाहेरून दिसेल, दिसू दे. दांडा ओल्या हाताच्या मुठीत मावेल इतकाच जाड.

खाली लाल कोबा नको. बाबांना तो आवडतो, मलाही आवडतो. पण आईचं खोबरेल आणि त्यावर पाणी पडलं की तो काचेसारखा होतो. खडबडीत शहाबादी घालू, आठ फुटांत सव्वा इंच उतार देऊ. उंबरठा नाही. दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी.

माळ्यावर आजोबांनी कुठूनशी आणलेली, काचेच्या जागी शिंपले बसवलेली झडप पडून आहे. ती वरच्या झरोक्याला बसवू. उजेड येतो आणि बाहेरून काही दिसत नाही. चार शिंपले फुटलेत, त्या जागी दुधी काच घालू, कारण नवे शिंपले काढायला आता कायदा आडवा येतो. पितळी घंगाळ आणि तांब्या न्हाणीतून इकडे येतील. गिझरचं पाणी घंगाळातच पडेल. त्याला सोडणांच्या धुराचा वास नसेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही. वायरिंग मात्र नवीन, आणि पाण्याजवळ करंट उतरला तर क्षणात बंद होणारा ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच हवाच. त्यात काटकसर करू देणार नाही.

आंघोळीचं पाणी आत्तासारखंच केळींना जाईल. संडासाचं वेगळं, सेप्टिक टाकीत, आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब. आपल्या जमिनीतून पाणी भराभरा मुरतं, म्हणून तिथे घासाघीस नको.

दादा मस्कतहून अर्धे पैसे पाठवतोय, अर्धे माझे. मुलीचे पैसे माहेरच्या घराला कसे घ्यायचे, हा प्रश्न बाबांनी मनातही आणू नये. ह्याच घरात मी बावीस वर्षं फुकट राहिलेय.

चुना पावसात सुकत नाही, त्यामुळे काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू, म्हणजे ही दिवाळी जुन्या न्हाणीतच. मी आधी दोन दिवस येते. तोवर आई, पाट उचलून ठेव आणि स्वयंपाकघरातलं ते लाकडी स्टूल न्हाणीत ने, भाणापासून लांब.

एक माप अजून हवंय. नव्या खोलीत पाटाच्या जागी दगडी कट्टा बांधायचाय, आणि त्याची उंची तुझ्या पायांच्या मापाने ठेवायचीय. आई, खुर्चीवर ताठ बस, पावलं जमिनीला पूर्ण टेकव. बाबांनी गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप धरावी. चष्मा लावून. दोनदा मोजा आणि आकडा फोनवर सांगा, पण रिसिव्हर एकमेकांना न देता.

तुमची,
बायो