महामार्ग सोडल्यानंतरच्या वाटेची आखणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर रस्ता सलग झाला. तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ‘यंदा सुट्टीत विदर्भ करून येऊ’ असे म्हणणारी कुटुंबे वाढली आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु यांतील बहुतेकांची तयारी महामार्गापाशीच थांबते. टोल किती, मध्ये जेवण कुठे मिळेल, नागपूरला किती वाजता पोहोचू, एवढी चौकशी झाली की आखणी पूर्ण झाली असे समजले जाते. अपरिचित मुलखातला खरा प्रवास मात्र इंटरचेंजवरून खाली उतरल्यावर सुरू होतो. त्या भागाची माहिती मुंबईत बसून मिळवणे किती अवघड आहे, हे मागच्या दिवाळीत आम्ही स्वतः पाहिले, म्हणून हे पत्र.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. गावच्या रस्त्याची आखणी आम्हाला कधी करावीच लागली नाही. पहाटे किती वाजता निघाले म्हणजे ऊन चढायच्या आत कशेडी गाठता येते, चहाला कुठे थांबायचे, कोणत्या घाटाआधी मुलांना उलटीची गोळी द्यायची, हे घरात सगळ्यांना पाठ असते. वऱ्हाडात आणि त्यापलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आमचे ओळखीचे कोणीही नाही. मुलाने मोबाइलवरच्या नकाशावर खुणा करून चार दिवसांत सिंदखेडराजा, लोणार, शेगाव, सेवाग्राम, ताडोबा आणि हेमलकसा बसवले होते. दोन ठिकाणांमधला वेळ नकाशानेच दिला होता आणि त्या वेळांची बेरीज कागदावर चोख जमत होती. त्या बेरजेत चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना दर दोन तासांनी गाडीतून उतरावे लागते हे नव्हते, बाजाराच्या दिवशी तालुक्याचे गाव ओलांडायला लागणारा वेळ नव्हता, आणि अंधार किती वाजता पडतो याचाही हिशेब नव्हता.

अंधाराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट मला कोणीही आधी सांगितली नव्हती. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसहा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली, तर तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो, कारण घड्याळ मात्र सगळीकडे एकच. आम्ही मुंबईच्या सवयीने ‘सहापर्यंत उजेड असतो’ असे धरून चाललो होतो. चंद्रपूरच्या अलीकडे पावणेसहाच्या सुमारास दिवे लावावे लागले आणि त्याच वेळी मुलुंडहून फोनवर बोलणारी माझी बहीण बाल्कनीत अजून ऊन असल्याचे सांगत होती. एरवी पंचवीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, पण अनोळखी रस्त्यावर ती फार मोठी असतात. दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू झालेला असतो. दोन्ही बाजूंना फुगलेल्या, मागे दिवा नसलेल्या कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर संध्याकाळी जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या, कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून दिवसाचा शेवटचा टप्पा साडेचारच्या आत संपेल अशीच आखणी करावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. विदर्भाच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा वर-खाली होतो. साइडपट्टी वरून कोरडी दिसली तरी आतून मऊ असते, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देताना चाके रस्त्याखाली उतरवू नयेत. सिंदखेडराजात लखुजी जाधवांचा वाडा पाहून आम्ही लोणारकडे निघालो, तेव्हा मोबाइलने जवळचा म्हणून एक आडरस्ता दाखवला. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर एका शेतकऱ्याने बैलगाडी आडवी थांबवून हात केला. “पुढं नका जाऊ ताई, नाल्यावरचा पूल खचला हाये. एसटी बी वरच्या रस्त्यानंच जाऊन राहिली.” आम्ही मागे फिरलो, पंचवीस-तीस किलोमीटरचा वळसा पडला, पण त्या एका वाक्यातून पुढच्या सगळ्या प्रवासासाठी मोठा धडा मिळाला. त्यानंतर प्रत्येक मुक्कामी आम्ही सकाळी आधी बसस्थानकावर जाऊन चौकशीच्या खिडकीशी विचारायचो की पुढच्या गावाला एसटी सध्या कोणत्या रस्त्याने जाते, आणि त्याच रस्त्याने जायचो. एसटीचा चालक त्या रस्त्यावरून काल गेलेला असतो आणि आज पुन्हा जाणार असतो. त्याच्याइतकी ताजी माहिती कोणत्याही नकाशात नाही.

खुद्द महामार्गाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल पुष्कळ छापून आले आहे. सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, ती पाळावी. रस्ता सिमेंट काँक्रीटचा आणि लांबच लांब सरळ असल्याने चालकाला गुंगी येते, म्हणून दोन तासांनी थांबावे. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांतली हवा तपासून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. त्या जागेच्या आसपासहून जाताना गाडीत कोणीही बोलले नाही. रात्री हा रस्ता कापून एक दिवस वाचवण्याचा मोह कोणत्याही कुटुंबाने धरू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आणखी एक बारीकशी, पण पैशाची बाब म्हणजे राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला वार्षिक फास्टॅग पास समृद्धीवर चालत नाही. तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवावी लागते.

वारांची चौकशीही आधी करावी लागते. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातला प्रवेश मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तो भाग पर्यटकांसाठी बंदच राहतो. आमच्या शेजारच्या कुटुंबाने सोमवार-मंगळवारचे हॉटेल आधी ठरवले आणि सफारीचे आरक्षण नंतर करायला घेतले. तोवर हॉटेलचे पैसे भरून झाले होते. शेगावला गुरुवारी दर्शनाची रांग किती वाढते हे महाराजांच्या भक्तांना माहीत असते, पहिल्यांदा जाणाऱ्याला नसते. लोणार तर अनेकजण तासाभरात उरकतात. उल्कापाताने बसाल्ट खडकात तयार झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, त्याच्या तळाशी खारे आणि अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे आणि २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला आहे. काठावरून छायाचित्र काढायला पाच मिनिटे पुरतात, पण जंगलातल्या पायवाटेने खाली उतरून पाण्यापर्यंत जाऊन यायला आणि गोमुखाची धार, दैत्यसूदनाचे देऊळ नीट पाहायला अख्खी सकाळ लागते. सासूबाई खाली आल्या नाहीत. त्या दैत्यसूदनाच्या देवळात खांबाला टेकून बसल्या होत्या आणि आम्ही परतलो तेव्हा त्यांनी छतावरच्या कोरीवकामातल्या आकृती एकेक करून मुलांना दाखवल्या.

हेमलकसा आम्ही यादीतून काढले आणि त्या निर्णयाचे मला समाधान आहे. आलापल्लीपासून पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून जातात, आणि मुंबईकर साठ किलोमीटरला सव्वा तास धरतो तसा तिथे धरता येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. शिवाय हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प हे १९७३ पासून माडिया गोंड आदिवासींसाठी चालणारे काम आहे. तिथला दवाखाना ही चार तासांत जाता-जाता पाहून येण्याची जागा नाही. जायचे तर आधी कळवून, दोन मोकळे दिवस हाती ठेवूनच जावे. चार दिवसांत सहा ठिकाणांऐवजी आम्ही सहा दिवसांत चार ठिकाणे केली आणि तरीही एक संध्याकाळ अपुरी पडली.

स्त्रियांसाठी आणि वृद्धांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, ही माहिती तर आखणीत सर्वांत आधी हवी आणि तीच सर्वांत दुर्मीळ आहे. महामार्ग सोडल्यावर आम्ही पेट्रोल पंपांवर अवलंबून होतो. काही ठिकाणी किल्ली मागावी लागली, एका ठिकाणी पाणीच नव्हते. सासूबाईंनी दुपारपर्यंत पाणी पिणे टाळले, आणि उन्हाच्या मुलखात हे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपले वृत्तपत्र दर आठवड्याला रविवारच्या मेगाब्लॉकची चौकट छापते आणि ती वाचल्याशिवाय आम्ही मुंबईकर रविवारी घराबाहेर पडत नाही. तशीच एक चौकट जोडून येणाऱ्या सुट्ट्यांच्या आधीच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी राज्यातल्या रस्त्यांसाठी सुरू करावी. कोणत्या जिल्ह्यात कोणता पूल बंद आहे, कोणत्या रस्त्याचे रुंदीकरण चालू आहे, कोणत्या घाटात रात्रीची वाहतूक थांबवली आहे, एवढे जरी तीत आले तरी पुरेसे होईल. जिल्हा प्रशासन, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एसटीची आगारे यांच्याकडे ही माहिती असते. आपले वार्ताहरही प्रत्येक तालुक्यात आहेत आणि पूल खचल्याची बातमी ते त्याच दिवशी पाठवतात. ती जिल्ह्याच्या आवृत्तीत छापली जाते, पण ज्या मुंबईकराला दुसऱ्या दिवशी त्या पुलावरून जायचे आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या सहा दिवसांच्या प्रवासातली नोंदवही माझ्याकडे आहे. कोणत्या रस्त्याने प्रत्यक्षात किती वेळ लागला, कुठल्या पंपावर स्वच्छतागृह उघडे होते, बसस्थानकावर काय सांगितले गेले, हे तारखेसह लिहिलेले आहे. पहिल्या चौकटीला उपयोग होणार असेल तर त्या पानांच्या प्रती आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई