घेणारे हात

तीर्थरूप आई-बाबांना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

सोयाबीन घरात आलं, दाणा बरा भरला, हे आईने फोनवर सांगितलं. पऱ्हाटीची बोंडंही फुटायला लागली असतील. वावराचं सगळं बोलून झाल्यावर तिने हळूच दुसरी गोष्ट काढली, आणि तीच मनात घोळतेय म्हणून लिहायला बसले. फोनवर बाबा "मले काई झालं नाही" म्हणतात आणि मोबाइल आईच्या हातात देतात. पत्र मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात.

बाबा, देवळात भाकर-पेला वाटायचा, प्रभुभोजनाचा रविवार असला की तुम्ही हल्ली जातच नाही म्हणे. हात थरथरतात, पेला सांडेल, लोक बघतील. पाळकसाहेब म्हणाले की मंडळीच्या एका तरुण पंचाला तुमच्याजवळ उभं करतो, तो पेला धरेल. तर तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं मी मंडळीले भाकर-पेला वाटला, आता मले कोनी लेकरावानी पाजावं का?"

तुमचं दुःख मला कळतं. यवतमाळला पाळकांना शिकवणारी सेमिनरी होती त्या काळात तिथले विद्यार्थी गावोगाव वचन सांगायला यायचे, आणि तुम्ही त्यांना बैलबंडीतून आणायचे, आई त्यांच्यासाठी भाकरी थापायची. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली, तरी आपल्या ओसरीवरचा पाहुणा थांबला नाही. देणं हा तुमचा स्वभावच आहे. पण बाबा, ज्याचा हात कायम वरच राहिला त्याला तो खाली पसरणं फार जड जातं, आणि त्या जडपणात अभिमान लपून बसतो. फुशारकी मारणारा गर्व चारचौघांना दिसतो. "मला कोणाचं काही नको" म्हणणारा गर्व मात्र नम्रतेसारखा दिसतो, म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

वॉर्डात हे मी रोज बघते. सकाळी पेशंटचं अंग पुसायचं असतं. भांड्यात कोमट पाणी, साबण, टॉवेल. वणी-मारेगावकडचे म्हातारे शेतकरी असतात, टाचांच्या भेगांत काळी माती इतकी मुरलेली की एकदा धुऊन निघत नाही. पाठ पुसू देतात, हात पुसू देतात. पायांना हात लावला की झटकन पाय ओढून घेतात. "बाई, पायाले हात नको लावू, मले पाप लागते." मी म्हणते, "बाबाजी, राहू द्या पाय," आणि बोटांच्या बेचक्यांतून कपडा फिरवते. काही जण तोंड भिंतीकडे करतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. आयुष्यभर बैलांचे खूर धुतले, पण आपले पाय दुसऱ्या कोणी धुतलेले त्यांना आठवत नाहीत.

पेत्राचंही असंच झालं ना? योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला हे किती विनयाचं! पण प्रभूने त्याचं कौतुक केलं नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सांगितलं. आपण प्रवचनात नेहमी प्रभूने सेवा कशी केली तेवढंच ऐकतो. पेत्राला ती सेवा घ्यावी लागली, हा धडा माझ्या मते जास्त अवघड आहे.

पुढे एकविसाव्या अध्यायात त्याच पेत्राला प्रभू म्हणतो की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जात होतास, म्हातारा झालास की हात लांब करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. योहान लिहितो की हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, त्या मरणाने देवाचं गौरव होणार होतं. मग आपल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, हाच पेत्र मंडळीला लिहितो की नम्रतेने कंबर बांधा, कारण देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो. बाबा, पाय ओढून घेणाऱ्या माणसाने हे लिहिलंय. म्हणून मी त्याचा शब्द मानते.

आई, तू गालात हसत असशील, पण तुलाही सांगते. शेजारच्या काकूंनी आंबाडीची भाजी पाठवली की त्याच दिवशी त्यांची वाटी भरून परत गेलीच पाहिजे असं काहून? लक्ष्मीबाई टिळकांबद्दल तूच मला सांगायचीस. त्यांच्या यजमानांचा, नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, पण लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळं पाळत राहिल्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं त्यांना किती कठीण गेलं! काकूंची वाटी एखादा आठवडा आपल्या मांडणीवर राहू दे.

बाबा, प्रभुभोजनाच्या मेजाशी पंच असो की गडी, प्रत्येक जण घ्यायलाच येतो. तुम्ही वाटत होता तेव्हाही आधी तुम्हाला कोणीतरी दिलंच होतं. पेला सांडला तर सांडू द्या, पुसता येतो. त्या पोराला तुमच्या हाताखाली हात धरू द्या. उद्या तोच कोणा म्हाताऱ्याला आधार देईल, आणि तो कसा द्यायचा हे तुमच्यापाशी शिकलेला असेल.

थरथरीची कारणं वेगवेगळी असतात, काहींवर गोळ्यांनी बराच फरक पडतो, म्हणून नागपूरला एकदा दाखवायचंच आहे. मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. रविवारी तिघंही देवळात जाऊ, सोमवारी माझ्यासोबत निघायचं. आणि एसटीत पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट लागत नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवायला संकोच वाटतो म्हणून मागच्या वेळेसारखे पूर्ण पैसे देऊ नका. कार्ड आईजवळ देऊन ठेवा.

तुमची,
बेबी