एका घरात दोन श्रद्धा

संपादक महोदय,

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक. नवरा उपासनेला येतो, बायको येत नाही, यावरून अबोला धरलेली घरे मला नेहमी भेटतात. ‘पास्टरसाहेब, तुम्हीच समजवा’ असा आग्रह होतो. पूर्वी समजवायला जायचो. आता चहा घेतो आणि ऐकतो.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. परतल्यावरही त्या सुरुवातीला सोवळे पाळत होत्या. टिळकांनी ते चालू दिले. १९०० साली त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. ही वाट पाहणे मला टिळकांच्या अभंगांइतकेच मोठे वाटते.

आमच्याकडे एक तरुण दर रविवारी आईला मोटारसायकलवर आणतो आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसतो. भजन सुरू झाले की त्याची बोटे गुडघ्यावर ताल धरतात. आई विचारते, ‘हा आत कधी येणार?’ मी म्हणतो, ‘मावशी, पावसातसुद्धा त्याने तुमचा एक रविवार चुकवला नाही, हे आधी बघा.’

– एक पाळक, अहिल्यानगर