धानाचा वाण निवडणाऱ्याचे नाव थैलीवर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कृषी केंद्रांत एचएमटी धानाच्या थैल्यांची थप्पी लागते. हा बारीक तांदूळ राज्याबाहेरही आवडीने खाल्ला जातो. पण हा वाण निवडणाऱ्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे नाव मला आजवर एकाही थैलीवर दिसलेले नाही, आणि हे मला फार खटकते.

दादाजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, आणि जंगल जवळ असल्याने डुकरांपासून राखायला भोवती काटे लावले. मग दर हंगामात भेसळ उपटायची, मनाजोगत्या लोंब्या तेवढ्या बियाण्याला ठेवायच्या, असे करत वाण स्थिर केला. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्यांच्याकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित झाले. आपण वाण शुद्ध केला, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्ध केला असेल, त्याचे श्रेय त्यांनी जरूर घ्यावे. पण मुळात निवडला कोणी, हे नावात यायला नको होते का?

२००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. त्यांनी पुढे नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, डीआरके असे आणखीही वाण दिले. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा घरची ओढाताण संपलेली नव्हती. ज्याच्या वाणावर गिरण्या चालल्या, त्याच्या वाट्याला हे यावे!

तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ द्राक्ष असेच स्वतःच्या बागेत निवडले, आणि बागायतदार आजही त्यांची नावे आदराने घेतात. माझ्या मते फरक संघटनेचा आहे. द्राक्षवाल्यांचा भक्कम संघ आहे. दीड एकरवाल्या धानकऱ्यामागे कोणी नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क आहे आणि त्याला नोंदणीचे शुल्क नाही. अडते ते पुढेच. आमच्या गावातल्या एका काकूंना निंदताना एक झाड दिसले. वादळी पावसात सारी बांधी लोळली, ते तेवढे उभे. त्यांनी त्याला लुगड्याची लाल चिंधी बांधली आणि कापणीत ती लोंबी वेगळी काढली. मी त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेलो, तर वाण वेगळा असल्याचे आधी कागदावर सिद्ध करून आणा, असे उत्तर मिळाले. नोंदणीसाठी पाहिले जाणारे वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता हे काकू कुठे तपासणार? त्यांनी ते बियाणे राखेत घोळवून मडक्यात ठेवले आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून कृषी विभागाला विनंती आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने अशा बियाण्यासाठी दोन-चार वाफे राखून ठेवावेत, बियाणे घेताना शेतकऱ्याला पावती द्यावी आणि नोंदणीचा अर्ज स्वतः भरून द्यावा. वाण विद्यापीठाने पुढे नेला तर थैलीवर मूळ निवडकर्त्याचे नाव छापावे आणि बियाणे विक्रीतला वाटा त्याच्या घरी पोहोचावा. आणि धान निसवला, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की केंद्रातल्या तज्ज्ञांनी एकदा तरी निंदणाऱ्या बायकांसोबत बांध्यांतून फिरावे. वेगळे झाड आधी त्यांनाच दिसते.

आपला,
एक धान उत्पादक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर