‘ग्राहकालाच तसे हवे असते’

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एमबीएच्या दुसऱ्या वर्षात शिकते; विपणन हा माझा मुख्य विषय. आमच्या वर्गात एखाद्या कंपनीच्या खटकणाऱ्या व्यवहाराची चर्चा रंगात आली की कोणीतरी एक वाक्य टाकतो आणि चर्चा तिथेच मिटते: ‘ग्राहकालाच तसे हवे असते.’ पाकिटातले वजन का घटले, लहान मुलांच्या खाऊत एवढी साखर का, जाहिरातीत इतकी अतिशयोक्ती कशासाठी, या सगळ्यांना हेच एक उत्तर पुरते. हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही आणि म्हणूनच ते सोयीचे ठरते. परंतु ग्राहकाची आवड ठरण्यापूर्वी त्याला काय सांगितले गेले आणि त्याच्यापासून काय झाकून ठेवले गेले, हा प्रश्न त्यात शिताफीने गाळला जातो, असे माझे मत झाले आहे. त्यासाठी परदेशी कंपन्यांची उदाहरणे धुंडाळण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याचा गूळ पुरेसा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून गूळ आणि कोल्हापूर ही जोडी पक्की झाली. आजही दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. सौद्यात रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, दर ठरतो तो प्रामुख्याने रंग आणि कणी पाहून. पिवळ्याधमक मालाला चढा दर, तांबूस किंवा काळपट मालाला उतरता. चव विचारात घ्यायला तिथे कोणाला सवड नसते. कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि तिकडे पिवळाच गूळ चालतो, असे व्यापारी सांगतात. उसाची जात, जमिनीचा पोत आणि तोडणीची वेळ यांवर गुळाचा रंग बराचसा अवलंबून असतो. चांगल्या गुळासाठी को ९२००५ ही जात नावाजलेली आहे, पण प्रत्येकाच्या शेतात ती नसते आणि सगळीच जमीन सारखी नसते. निसर्गाने दिलेला रंग सौद्यात दर मिळवून देत नसेल, तर तो आणावा लागतो.

तो कसा आणतात, हे अभ्यासप्रकल्पाच्या निमित्ताने करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर मी पाहिले. चुलवाणावरच्या काहिलीत रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. ही पिढ्यान्पिढ्यांची निर्धोक रीत आहे. रस आटत आल्यावर मात्र कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून पांढरी पावडर मुठीने काढून काहिलीत टाकली गेली. हे हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पाहता पाहता काहिलीतला तांबूस रंग उतरून पिवळा झाला. गुळव्याला विचारले तर त्याने काहीही न लपवता सांगितले, ‘‘घरात खायला बिनपावडरीचा येगळा काढतो आमी. पर त्यो यार्डात न्हेला तर दर कोण देतंय, ताई?’’ अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार हायड्रॉसमुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ७० पेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा सांभाळणारे गुऱ्हाळमालक निश्चितच असतील, पण जिथे मापच मूठ आहे तिथे ती सांभाळली गेली की नाही, हे कळणार कसे? शिवाय हायड्रॉसने आलेला रंग फार काळ टिकतही नाही. काही काळाने गूळ पुन्हा काळवंडू लागतो, मात्र तोवर तो दुकानदाराच्या किंवा आपल्या घरच्या डब्यात गेलेला असतो.

या साखळीत प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. गुऱ्हाळमालक म्हणतो, व्यापारी दर देत नाही; व्यापारी म्हणतो, बाहेरची पेठ पिवळाच मागते; दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक काळा गूळ परत ठेवते. साखळीच्या टोकाला उभी असलेली गृहिणी पिवळा गूळ उचलते हे खरे आहे, पण ती तो स्वच्छ समजून उचलते. दोन ढेपा शेजारी ठेवून, एकीवर ‘हायड्रॉस घातलेला’ आणि दुसरीवर ‘न घातलेला’ अशी चिठ्ठी लावून तिला कोणी कधी विचारलेले नाही. जिथे अशी चिठ्ठी लागते तिथे काय होते, हे प्रदर्शनांतून आणि बचत गटांच्या स्टॉलवर दिसतेच. रसायनविरहित म्हणून विकला जाणारा तांबूस गूळ लोक जास्त पैसे मोजून नेतात. याचा अर्थ गडद गूळ तेवढा शुद्ध असाही नव्हे, कारण रंगावरून गुळात साखर मिसळली आहे की नाही हे ओळखता येत नाही आणि चांगल्या उसाचा निर्मळ गूळही पिवळसर निघतो. सांगायचे एवढेच की ज्याला ‘ग्राहकाची पसंती’ म्हटले जाते, ती अनेकदा त्याच्या अज्ञानाची बेरीज असते.

गूळ हा तरी असंख्य लहान हातांचा धंदा आहे. मोठ्या कंपन्यांकडे माहितीही असते आणि ती देण्याची साधनेही असतात. तिथे हेच घडते तेव्हा त्याला अज्ञान म्हणता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी मी पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे होते आणि सेल्समनबरोबर किराणा दुकानांची बीट फिरत असे. एका नमकीनच्या दहा रुपयांच्या पुडीचे वजन त्याच काळात घटले. किंमत तीच, पुडीचा आकार जवळजवळ तोच, रंग आणखी भडक आणि वर ‘नवीन चव’ असे ठळक अक्षरांत. दुकानदाराला ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजली, कारण त्याच्यासाठी बॉक्समागे एक पुडी मोफत अशी स्कीम आली होती आणि ‘ग्रॅमेज उतरलंय, म्हणून स्कीम दिलीय’ असे सेल्समनने त्याला सरळ सांगितले. म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला सांगितले, डिस्ट्रिब्युटरने सेल्समनला, सेल्समनने दुकानदाराला. पैसे ज्याच्या खिशातून जाणार होते तो सोडून सगळ्यांना कळले.

यात कायदेभंग झाला असे मी म्हणत नाही, कारण पुडीच्या मागे नवे वजन छापलेले होते. पूर्वी बिस्किटे, चहा यांसारखे ठरावीक पदार्थ ठरवून दिलेल्या वजनांतच विकण्याचे बंधन वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांत होते. २०२२ पासून ते काढून टाकण्यात आले आणि त्याऐवजी पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीलिटर दर छापण्याची तरतूद आली. कल्पना उत्तम आहे. वजन कितीही बदलले तरी दोन कंपन्यांच्या मालाची तुलना त्या एका आकड्यावर करता यावी, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात हा दर पाकिटाच्या घडीवर, किंमत आणि तारखेच्या गर्दीत, बारीक टिंबाटिंबांच्या अक्षरांत छापला जातो आणि दुकानात उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला तो वाचता येणे अशक्य असते. ‘नवीन चव’ कळावी म्हणून कंपनी जेवढी शाई खर्च करते, तिच्या दहाव्या हिश्श्याने हे काम झाले असते.

ऑनलाइन खरेदीतील फसव्या मांडणीबद्दल अलीकडे बरेच लिहिले गेले आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात मिळवणे, शेवटच्या पानावर नवे शुल्क काढणे, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे अशा १३ प्रकारांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली आहे. ज्या पद्धतींवर बंदी घालण्यासाठी त्यांची यादी करावी लागली, त्या ‘ग्राहकाला हव्या’ होत्या असे म्हणण्याचे धाडस तरी आता कोणी करू नये.

मात्र ग्राहक म्हणून आपणही अगदी निर्मळ आहोत, असा देखावा करण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा या शहरात संतापाची लाट उसळली आणि ती रास्तच होती. कंपनीला या चपलेचे मूळ मान्य करावे लागले, जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी इथल्या कारागिरांना भेटून गेले आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला; त्यातून बनणाऱ्या जोडांची किंमत सुमारे ८०० युरो असेल, असे जाहीर झाले. त्या आकड्यावर आपण सर्वांनी डोळे विस्फारले. पण चप्पल लाईनीत, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारात, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची, हाताने शिवलेली, घरातल्या बाईने वेणी वळलेली कापशी पद्धतीची चप्पल समोर आली की ‘बाहेर रस्त्यावर निम्म्यात मिळते’ असे म्हणणारेही आपणच असतो. ती रस्त्यावरची जोडी बहुधा रेक्झिनची असते आणि तिच्यावर ‘कोल्हापुरी’ हेच नाव असते. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांपुरते आहे. अस्सल जोडावर कारागिराची माहिती देणारा क्यूआर कोड लावण्याचे कामही लिडकॉमने सुरू केले आहे. यूपीआयने चहाचे दहा रुपये देण्यासाठी दिवसभर कोड स्कॅन करणारे आपण चपलेवरचा कोड स्कॅन करून पाहतो का?

दुकानदाराने ‘पक्के बिल हवे की कच्चे’ असे विचारल्यावर जीएसटी वाचवण्यासाठी ‘कच्चेच द्या’ म्हणणारा ग्राहक आणि लग्नात मिरवून आलेला ड्रेस टॅग पुन्हा अडकवून ऑनलाइन परत पाठवणारा ग्राहक, हेही ओळखीचेच आहेत. पहिला तर स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण वस्तू बिघडल्यावर त्याच्याकडे तक्रारीसाठी पुरावा उरत नाही. तरीही दोन्ही बाजूंचा अपराध समान आहे, असे मी मानणार नाही. जिथे माहिती समोर असते तिथे ग्राहकाला जाब विचारणे योग्य. चपलेच्या बाबतीत ती समोर असते, गुळाच्या बाबतीत नसते. ही रेघ न ओढता ‘ग्राहकांनी जागरूक व्हावे’ असा उपदेश केला जातो, तेव्हा जबाबदारी अलगदपणे सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर सरकवली जाते.

आमच्या अभ्यासक्रमाबद्दल एक तक्रार इथेच नोंदवते. व्यवसायनीती हा आम्हाला एक स्वतंत्र पेपर म्हणून असतो आणि त्यात सर्वाधिक वेळ जातो तो सामाजिक उत्तरदायित्वावर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करायची असते. ते उत्तम आहे, परंतु उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, याची चर्चा किंमत ठरवणे, पॅकेजिंग आणि विक्री व्यवस्थापन या विषयांच्या तासाला व्हायला हवी आणि तिथे तर नीती हा शब्दही निघत नाही. वजन कमी करून किंमत स्थिर ठेवणे हे तिथे ‘कल्पक धोरण’ म्हणून शिकवले जाते. त्याच वर्गातून उद्याचे ब्रँड मॅनेजर बाहेर पडणार आहेत.

ग्राहकाकडे उपाय नाहीत असे नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्कही लागत नाही. परंतु दहा रुपयांच्या पुडीतल्या चार ग्रॅमसाठी किंवा पाव किलो गुळातल्या रंगासाठी कोणी आयोगाची पायरी चढणार नाही, हे कंपन्यांनाही पक्के ठाऊक आहे. अशा लहान, रोजच्या आणि सर्वांच्या नुकसानीवर इलाज खरेदीच्या जागीच करावा लागेल.

म्हणून दोन सूचना करते. वैधमापन विभागाने प्रति ग्रॅम दर पाकिटाच्या दर्शनी बाजूला, कमाल किंमतीच्या शेजारी आणि तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत छापणे सक्तीचे करण्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवावा. दुसरी सूचना बाजार समितीला आणि आपल्यालाही आहे. बाजार समितीने सौद्यापूर्वी गुळाच्या नमुन्यांची सल्फर डायऑक्साइडसाठी तपासणी करून, मर्यादेत असलेल्या आणि हायड्रॉस न वापरलेल्या मालाचे सौदे वेगळे काढावेत. आपल्या दैनिकात बाजारभावाच्या रकान्यात गुळाचे दर येतात. त्यात या मालाच्या दराची स्वतंत्र ओळ येत्या हंगामापासून छापता आली, तर बिनपावडरीचा रवा यार्डात आणणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा दर आणि घेणाऱ्याला त्याचे कारण, दोन्ही एकाच जागी वाचायला मिळेल. याबाबत बाजार समितीची भूमिका काय आहे, हे आपल्या वार्ताहराने विचारून प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक एमबीए विद्यार्थिनी,
कोल्हापूर